सुताराची ढोली: आधी घड्याळ, मग कॅमेरा

साग, पळस आणि काटेसावर यांची पाने गळली की तलासरी-डहाणूच्या रानात झाडांची खोडे शेंड्यापर्यंत उघडी पडतात. महामार्गालगतच्या टेकड्यांवर, कुर्झे धरणाच्या आसपास किंवा बोर्डी-घोलवडच्या वाड्यांत उन्हाळ्याच्या तोंडाशी फिरणाऱ्याला एखाद्या वाळक्या फांदीच्या पोटाशी कोरलेले गोल भोक दिसते आणि थोडा वेळ थांबले तर त्या भोकाचा मालकही दिसतो. छायाचित्रकाराला सुतार पक्ष्याची ढोली हवीहवीशी वाटते, याचे कारण सोपे आहे. एरवी हा पक्षी हाती लागत नाही. आपली चाहूल लागली की तो खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो आणि आपण वळसा घालून जावे तर पुन्हा उलट्या बाजूला जातो. ढोलीपाशी मात्र तो ठरलेल्या जागी, दिवसभर, पुन्हा पुन्हा येतो. त्याची ही मजबुरी हीच आपली संधी, आणि सगळी अडचणही इथेच आहे. पिले वाढवणाऱ्या जोडीपाशी उजेडाचे तास मोजके असतात. त्यातले किती आपण खातो, याचा हिशेब ठेवल्याशिवाय ढोलीवर कॅमेरा रोखू नये, आणि हा हिशेब मनगटावरच्या घड्याळाने कुणालाही ठेवता येतो, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आधी पक्ष्याची ओळख हवी, कारण हिशेब त्याच्या दिनक्रमावर बसवायचा आहे. या भागात सर्वांत सहज भेटतो तो सोनपाठी सुतार. लांबी साधारण २८ सेंटीमीटर, पाठ सोनेरी पिवळी, गळा आणि पाठीचा खालचा भाग काळा. नराचे डोके कपाळापासून तुऱ्यापर्यंत लाल असते. मादीच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके असतात आणि लाल रंग फक्त मागच्या तुऱ्यावर उरतो. हा फरक लक्षात ठेवला तर ढोलीवर कोण आले आणि कोण गेले, हे दुरून टिपता येते. नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात आणि दोघेही भरवतात, त्यामुळे दोघांपैकी एकच येत राहिला तर तीही एक खबर असते. सुकलेल्या, विरळ झाडीत मराठा सुतार दिसतो. कपाळ पिवळे, अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि आकाराने साळुंकीपेक्षा लहान असा हा पक्षी शास्त्रीय नावातही ‘मराठा’ हा शब्द मिरवतो. तांबूस सुताराची तऱ्हाच वेगळी. झाडावर कागदी लगद्यासारखे वारूळ बांधणाऱ्या मुंग्यांच्या घरातच तो आपली ढोली कोरतो. सोनपाठी सुताराची मादी बहुधा तीन पांढरी, चकचकीत अंडी घालते. ती सुमारे ११ दिवसांत फुटतात आणि पुढे साधारण २० दिवसांनी पिले ढोली सोडतात. म्हणजे अंड्यापासून उड्डाणापर्यंतचा सगळा संसार महिन्याभरात उरकतो. त्या महिन्यातले कोणते दिवस आपले आणि कोणते अजिबात नाहीत, हे पहिल्यांदा ठरवावे लागते.

ढोली कोरण्याचे आणि अंडी घालण्याचे दिवस पूर्णपणे वर्ज्य समजावेत. या काळात जोडीने त्या जागेत फारसे काही गुंतवलेले नसते, म्हणून थोडा त्रास झाला तरी जागा सोडून देणे तिला परवडते. झाडाच्या बुंध्याशी लाकडाचे ताजे, फिके तुकडे पडलेले दिसले तर कोरणे चालू आहे असे समजावे आणि निघून जावे. त्यानंतर ढोली गप्प होते. पक्षी क्वचित येतो आणि आत गेला की बराच वेळ बाहेर येत नाही. ही उबवणीची खूण. या दिवसांत मिळणारे छायाचित्र तसेही कंटाळवाणे असते आणि उबदार अंडी उघडी पडण्याची भीती खरी असते. पुढे ढोलीतून बारीक, अखंड किरकिर ऐकू येऊ लागते आणि आईबापांच्या फेऱ्या वाढतात. पिले आठवड्याभराची झाल्यानंतर ती भोकातून डोके बाहेर काढू लागेपर्यंतचे काही दिवस हाच आपला काळ. या वेळी जोडीची ओढ घट्ट असते, आणि पिलेही अंगाची ऊब धरण्याइतकी मोठी झालेली असतात. पिले सबंध डोके बाहेर काढून ओरडू लागली की चित्र सर्वांत मोहक दिसते, पण नेमके तेव्हाच हात आवरावा लागतो. उडण्याच्या बेतात आलेले पिलू घाबरले तर वेळेआधी बाहेर झेपावते आणि जमिनीवर पडलेल्या पिलाला कावळा, मांजर किंवा कुत्रा यांपासून कुणी वाचवत नाही. मोह सोडवत नसेल तर या शेवटच्या दिवसांत अंतर दुप्पट करावे आणि वेळ निम्मा.

अंतराचा विषय निघाला की पहिला आक्षेप येतो: जवळ गेल्याशिवाय चांगला फोटो कसा मिळेल? घरट्यावर जाऊन पक्षी टिपण्याची रीत कशी रुजली, हे पाहिले तर उत्तर मिळते. ब्रिटनमधल्या रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १८९२ मध्ये घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये घरट्यांवरचे सचित्र पुस्तक काढले. पुढे पक्ष्याजवळ पोहोचण्यासाठी त्यांनी पोकळ बैलाचे सोंगही वापरले. भारतात ई. एच. एन. लोथर यांचे पक्षी-छायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही लपणात बसून काम करणाऱ्यांच्या पिढीचे. त्या काळी काचेच्या किंवा फिल्मच्या पट्ट्या मंद होत्या, आजच्यासारख्या लांब पल्ल्याच्या लेन्स नव्हत्या, आणि पक्षी खात्रीने येईल अशी घरटे ही एकच जागा होती. जवळ जाणे ही त्यांची गरज होती. आज ती गरज उरलेली नाही, हे साध्या गणिताने दाखवता येते. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५०० मिलिमीटरची लेन्स लावून २५ मीटरवरून पाहिले तर चौकटीत सुमारे ११८ सेंटीमीटर रुंद आणि ७८ सेंटीमीटर उंच एवढा भाग येतो. त्यात २८ सेंटीमीटरचा सोनपाठी सुतार उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग व्यापतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर पक्ष्याच्या वाट्याला उंचीत चौदाशेच्या आसपास पिक्सेल येतात. मासिकाच्या पानावर पक्षी १२ सेंटीमीटर उंच, खणखणीत छापायला एवढे पुरते. शिवाय ढोली, वाळकी फांदी आणि मागचे रान चित्रात राहते, ते वेगळेच. पंचवीस मीटर म्हणजे सहज टाकलेली पस्तीस ते चाळीस पावले. तेव्हा ढोबळ नियम चाळीस पावलांचा ठेवावा. लेन्स ३०० मिलिमीटरची असेल तर पक्षी चौकटीत लहान येईल; तो लहान राहू द्यावा आणि झाडाचे चित्र काढावे.

अंतर ठरले तरी चाळीस पावले पुरेशी आहेत की नाहीत, हे सांगण्याचा अधिकार पक्ष्यालाच आहे. त्याचे उत्तर घेण्याची रीत अशी. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवावा. ढोलीपासून ऐंशी-शंभर पावलांवर, झाडाच्या किंवा बांधाच्या आडोशाला बसावे आणि तासाभरात आईबापांच्या किती फेऱ्या झाल्या, दोन फेऱ्यांत किती मिनिटे गेली, हे वहीत टिपावे. चोचीत काही दिसले नाही म्हणून फेरी गाळू नये, कारण अनेक सुतार पक्षी गिळलेले अन्न पिलांच्या तोंडात ओततात. बाहेरून चोच रिकामीच दिसते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला चाळीस पावलांवर कॅमेरा मांडावा आणि त्याच पद्धतीने पुन्हा मोजावे. समजा पहिल्या सकाळी सात ते आठ या वेळात पाच फेऱ्या झाल्या होत्या आणि कॅमेरा मांडल्यावर दोनच झाल्या, तर आपल्या तासाची किंमत तीन घास झाली, आणि ती किंमत पिलांनी मोजली. आकडा निम्म्यावर आला तर पंधरा-वीस पावले मागे सरावे. तरीही सुधारला नाही तर त्या झाडाचा नाद सोडावा. आकडा येण्याआधीही पक्षी बोलत असतो. ढोलीवर थेट न येता शेजारच्या झाडाला चिकटून बसणे, खोडाच्या आडून वारंवार डोकावणे, सारखे कर्कश ओरडणे, ढोलीपर्यंत येऊन न भरवता परतणे, ही सगळी एकाच अर्थाची वाक्ये आहेत. पहिल्या वीस मिनिटांत पक्षी एकदाही आत गेला नाही तर आणखी खुणांची वाट न पाहता उठावे.

एका तासाच्या मोजणीला काय किंमत, असे कुणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे. फेऱ्यांचा वेग वेळेनुसार, उन्हानुसार, पिलांच्या वयानुसार बदलतो. मुंग्यांचे वारूळ जवळ सापडले तर फेऱ्या वाढतात, आणि भर दुपारी त्या आपसूक मंदावतात. म्हणूनच दोन्ही मोजण्या एकाच वेळेच्या आणि लागोपाठच्या दिवसांच्या असाव्यात, जमल्यास कॅमेऱ्याविना दोन सकाळी मोजावे. हे शास्त्रीय संशोधन होणार नाही, पण तसे ते व्हायचेही नाही. थर्मामीटरने आजाराचे नाव कळत नाही, ताप आहे एवढे कळते आणि तेवढ्याने माणूस अंथरुणाला पाठ टेकतो. या मोजणीकडूनही थांबण्याचा इशारा एवढीच अपेक्षा आहे. दुसरा आक्षेप याहून जोरकस आहे: सोनपाठी सुतार वाड्यांत, घरांच्या शेजारी, शाळेच्या आवारात ढोली करतो, खालून माणसे, गुरे, मोटारसायकली जातात आणि त्याला काही वाटत नाही, मग एका छायाचित्रकाराने काय बिघडते? यातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. पक्ष्याला सवय असते ती जाणाऱ्या माणसाची. मोळी घेऊन निघालेली बाई ढोलीकडे बघत नाही आणि थांबतही नाही. छायाचित्रकार ढोलीसमोर उभा राहतो, तिच्याकडेच टक लावतो आणि डोळ्यासारखे मोठे काचेचे तोंड तिच्यावर रोखतो. शिकारी जनावर नेमके हेच करते. रस्त्यालगतच्या धीट जोडीनेही फेऱ्या कमी केल्याचे वहीत दिसले, तर धीटपणाचा युक्तिवाद तिथेच संपतो. कमी केल्या नाहीत, तर आपल्याला परवानगी मिळालीच आहे.

ढोली स्वतःच संरक्षण देते, उघड्या वाटीसारख्या घरट्यासारखी ती नसते, हाही मुद्दा पुढे येतो. तो अर्धा मान्य करावा लागेल. बुलबुलाच्या किंवा शिंपी पक्ष्याच्या घरट्यासमोरची पाने बाजूला करून फोटो काढणारा माणूस ऊन आणि कावळा दोघांनाही वाट करून देतो. ढोलीच्या बाबतीत तसे होत नाही, आणि म्हणूनच घरट्यावरचे छायाचित्रण करायचेच असेल तर सुतार हा त्यातल्या त्यात सोसणारा पक्षी. पण ढोलीला दार एकच असते आणि चांगल्या ढोलीवर डोळा ठेवणारे बरेच असतात. साळुंक्या, पोपट, पिंगळे यांना स्वतः ढोली कोरता येत नाही. सुताराने कोरलेली ढोली त्यांना हवी असते. मालक अर्धा तास फिरकला नाही तर साळुंकीला आत डोकवायला तेवढा वेळ पुरतो. कावळा तर माणूस कुठे टक लावून बसला आहे, हेही बघत असतो. यावरूनच काही गोष्टींना सरळ बंदी घालता येते. पक्ष्याने डोके बाहेर काढावे म्हणून खोडावर थाप मारणे किंवा खडा फेकणे ही सर्वांत वाईट सवय. झाडावर चढणारी घोरपड किंवा साप आल्याची जी भीती पक्ष्याला वाटते, तीच आपण त्याला हाताने देतो. मोबाइलवर त्याचीच हाक वाजवणे म्हणजे दुसरा सुतार हद्दीत घुसल्याची खोटी वर्दी. ती ऐकून भरवणारा पक्षी भांडायला निघतो. फ्लॅश, ड्रोन, ढोलीत मोबाइल किंवा एंडोस्कोप घालणे, समोरची फांदी तोडणे, यांतले काहीही करू नये. यात कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, त्यांना उपद्रव देणे हेही येते. कॅमेरा हातात असला म्हणून त्या व्याख्येतून सुटका होत नाही.

मग कापडी लपण लावून बसलो तर सगळेच प्रश्न सुटतील, असे वाटणे साहजिक आहे. मोकळ्या माळावर किंवा पाणवठ्यावर लपण उपयोगी पडते, पण तलासरीच्या रानात ते उलटण्याचा संभव जास्त. हे रान निर्मनुष्य नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायला माणसे येतात, गुरे चरतात, सरपण गोळा होते, भाताच्या राबासाठी फांद्या छाटल्या जातात. छाटलेल्या फांदीचा खुंट कुजत जातो आणि त्या मऊ लाकडात सुताराला ढोली कोरता येते, म्हणजे या वापरातही पक्ष्याचा वाटा असतो. अशा ठिकाणी हिरवे-तपकिरी कापड ताणले की पाड्यावरची पोरे जमतात, आणि ज्या झाडाकडे कुणाचे लक्ष नव्हते ते गावभर होते. त्यापेक्षा झाडाला किंवा बांधाला टेकून, मळकट रंगाच्या कपड्यांत, न हलता बसणे किंवा रस्त्याकडेच्या झाडासाठी गाडीतच बसणे चांगले. लपणापेक्षा विचारणे अधिक उपयोगी. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभांना, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावर जगणाऱ्यांना, अधिकार दिले आहेत. राखीव वनात जायचे तर वनखात्याला विचारावे, वाडीत, शेतात किंवा पाड्यालगत जायचे तर आधी घरी जाऊन, “काका, त्या सावरीवर सुतार आहे, सकाळी अर्धा तास बसलो तर चालेल का?” असे विचारावे. ती ढोली कधी कोरली, गेल्या साली तिथे कोण होते आणि यंदा ते झाड तुटणार आहे का, याची माहिती बहुधा त्याच ओट्यावर मिळते. ढोली दाखवण्याबद्दल पैसे देऊ नयेत, कारण पैसे सुरू झाले की ढोलीवर थाप मारणारेही तयार होतात. वाट दाखवण्याची किंवा दिवसाची मजुरी मात्र अवश्य द्यावी.

शेवटचा मोठा आक्षेप संख्येचा. सोनपाठी सुतार दुर्मीळ नाही. एखाद्या जोडीचा हंगाम वाया गेला तरी जातीला काय होणार? एका माणसापुरते हे खरे मानता येईल. पण ढोलीचा ठावठिकाणा एकदा व्हॉट्सॲपच्या गटावर गेला की माणूस एक राहत नाही. प्रत्येकाने सभ्यपणे एकेक तास घेतला आणि शनिवार-रविवारी दहा जण आले, तर दोन दिवसांतले दहा तास गेले, आणि मुक्काम आहे अवघा २० दिवसांचा. प्रत्येकाचा हिशेब स्वच्छ आणि बेरीज मात्र घातक, असे हे प्रकरण आहे. डहाणूच्या माणसाला हे तत्त्व नवे नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकरांची मर्यादा आली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला गेला. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. एकेक कारखाना तपासून भागत नाही, त्या भूमीला एकूण किती ताण सोसेल ते आधी ठरवावे लागते, हा त्यामागचा विचार. ढोलीलाही तोच लागू करावा: दिवसाला एक माणूस किंवा एक लहान गट, अर्धा ते पाऊण तास (मोजणीच्या दिवशी तासभर), आणि एका ढोलीवर सबंध हंगामात फार तर तीन-चार सकाळी. म्हणून फोटो पिले उडून गेल्यावरच प्रसिद्ध करावा, त्यातली स्थानाची नोंद काढून टाकावी आणि गावाऐवजी तालुक्याचे नाव द्यावे. नोंदीसाठी ई-बर्डसारख्या ठिकाणी घरट्याची माहिती टाकायची असेल तर तीही हंगाम सरल्यावर टाकली तरी तिचे मोल कमी होत नाही.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष सकाळ सोपी असते. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांतली वेळ धरावी. नंतर या भागातले ऊन पिवळी पाठ भाजून काढते आणि काळा गळा डांबरासारखा सपाट दिसतो. कलत्या फांदीवर सुतार बहुधा खालच्या अंगाला भोक पाडतो, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. पण त्यामुळे ढोली सावलीत राहते. तेव्हा उजेड कोणत्या तासाला तिच्यावर येतो, हे पहिल्या दिवशीच्या मोजणीतच टिपून ठेवावे. उभे राहण्याची जागा ढोलीच्या अगदी समोर न धरता थोडी कडेला धरावी. पक्ष्याची येण्याची वाट मोकळी राहते आणि बाजूने ताठ शेपटीचा टेकू, दोन बोटे पुढे आणि दोन मागे अशी पकड, हे सारे चित्रात उतरते. फोकस भोकाच्या कडेवर बांधून ठेवावा. येतानाची झेप हवी असेल तर शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे, भरवण्याच्या क्षणासाठी १/५०० सेकंद पुरे. आयएसओ सोळाशे-बत्तीसशेपर्यंत चढवायला कचरू नये. चित्रातले कण पुसता येतात. शटरचा आवाज बंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी. प्रत्येक फेरीला पन्नास चित्रे झोडण्यापेक्षा पहिल्या दोन फेऱ्या नुसत्या बघाव्यात. पक्षी कुठून येतो, कुठे थांबतो, मान कधी वळवतो, हे कळले की पुढच्या दोन फेऱ्यांत काम होते, आणि उठायची वेळही लवकर येते. उठताना पक्षी भरवून उडून गेल्यावरच उठावे.

अशा चित्रांमुळे लोकांना पक्ष्यांची गोडी लागते, हे छायाचित्रकारांचे म्हणणे नाकारण्याचे कारण नाही. वाळके झाड म्हणजे सरपण असे समजणाऱ्याला त्यात वाढणारी तीन पिले दाखवली तर ते झाड आणखी एक हंगाम उभे राहू शकते. पण गोडी लागलेला माणूस दुसऱ्या वर्षी स्वतः कॅमेरा घेऊन येतो आणि आपण जसा फोटो काढला तसाच काढू पाहतो. त्याला आपण चित्रासोबत रीतही द्यायला हवी. यासाठी एक छोटी प्रथा पाडता येईल. ढोलीवरच्या प्रत्येक छायाचित्राखाली कॅमेऱ्याचे नाव आणि शटरचा वेग देतो, तसेच अंतर आणि दोन आकडे द्यावेत: कॅमेऱ्याविना तासाला फेऱ्या इतक्या, कॅमेऱ्यासह इतक्या. स्पर्धांचे परीक्षक, मासिकांचे संपादक आणि पक्षीमित्र मंडळी हे आकडे मागू लागली, तर मोजल्याशिवाय ढोलीसमोर बसणारे आपोआप कमी होतील. आणि ज्याच्या वहीत पाच आणि पाच, किंवा पाच आणि चार असे आकडे असतील, त्याला आपले चित्र कसे मिळाले, हे कुणालाही सांगताना अडखळावे लागणार नाही.